अर्जुनाखालचा डबा

माझ्या टेबलावरून टाचणी उचलली की बडे बाबू तिच्या जागी काहीतरी ठेवून जायचे. कधी रबरबँड, कधी लवंग, एकदा तर कागदावर तिखटमीठ लावलेली पेरूची फोड. मी वर पाहिलं की म्हणायचे, "घेतलं तं ठेवा लागते, मॅडम. नाही तं ते चोरी झाली ना जी."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. नागपुरात सदरमधल्या आमच्या ऑफिसात ते हेडक्लार्क होते, पण साहेबापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना बडे बाबूच म्हणायचे. रजेचा अर्ज निळ्या शाईत लिहिला असेल तर ते परत करायचे, कारण नियमात काळी शाई होती. उद्या इथं आग लागली तर तुम्ही आधी बाहेर पडायच्या परवानगीचा अर्ज मागाल, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. ते रागावले नाहीत. "आगीसाठी वेगळं परिपत्रक आहे," म्हणाले.

त्यांची दुसरी खूण म्हणजे अडकित्ता. पितळेचा, मोराच्या आकाराचा, वडिलांकडून आलेला. मोराचा एक डोळा झिजून सपाट झाला होता. शर्टाच्या खिशात तो असायचा, त्यामुळे त्यांचे सगळे शर्ट डावीकडून लोंबायचे. जेवणाच्या सुट्टीनंतर अडकित्त्याची कटकट सुरू झाली की आता तासभर कोणी फाईल मागणार नाही असं आम्ही समजायचो.

मग त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांनी सुपारी बंद करायला आणि रोज चालायला सांगितलं. बडे बाबूंनी दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि एकही केली नाही. त्यांचा मुलगा एकुलता एक, इंजिनिअर, हसरा पोरगा होता. ऑफिसात कधी आला तर बापाच्या नकला करून आम्हाला हसवायचा. त्याला एका खेळाचा नाद होता. सुट्टीच्या दिवशी कुठंतरी रानात नाहीतर टेकडीवर जायचं, एक डबा लपवायचा आणि फोनमधल्या नकाशावर त्या जागेची खूण टाकायची. ती खूण पाहून कोणी अनोळखी माणूस तिथवर जातो, डबा शोधतो, आतल्या कागदावर आपलं नाव लिहितो आणि डबा जिथल्या तिथं ठेवतो. आतली एखादी वस्तू हवी तर घ्यावी, पण तिच्या जागी आपली वस्तू ठेवावी. जगभर लोक हे खेळतात म्हणे. "इंजिनिअर झाला अन् डबे लपवत फिरून राहिला," असं बडे बाबू सांगायचे, पण खेळाचा तो शेवटचा नियम त्यांना मनातून आवडला होता.

एके दिवशी ते आले तेव्हा त्यांचा शर्ट सरळ होता. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. खिशात अडकित्ता नव्हता.

"पोरानं नेला," ते धुमसत म्हणाले. "कन्हानच्या काठी डब्यात ठेवून आला. म्हणते, बाबा, चालत जा, शोधा, मंग खा सुपारी. मी काय लहान लेकरू आहो?"

"मग जा ना शोधायला," मी म्हटलं.

"मी काहून जाऊ? त्यानं नेला, त्यानंच आणून द्यावा. पाहतो किती दिवस दम धरते."

दोघंही एकाच मातीचे. पोरगा आणून देईना, बाप जाईना. बडे बाबू पानठेल्यावरून कातरलेली सुपारी आणायचे आणि मशीनच्या सुपारीला चव नसते म्हणत अर्धी फेकून द्यायचे. यातच त्यांची सुपारी निम्म्यावर आली आणि पोरगा घरी गालात हसत असणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. यातच ते निवृत्तही झाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुलगा अमरावती रोडवर मोटारसायकलवरून गेला तो घरी आलाच नाही. ट्रकनं उडवलं. त्या दिवसांबद्दल मला लिहिता येणार नाही, आणि तसं लिहायची वेळ तुमच्यावरही येऊ नये.

पुढं एका दुपारी बडे बाबू ऑफिसात आले. माझ्यासमोर बसले. टेबलावरची एक टाचणी उचलली, हातात फिरवली आणि तिच्या जागी काही न ठेवता बसून राहिले. मग खिशातून फोन काढला. मुलाच्या एका मित्रानं त्यात तो खेळ घालून दिला होता. "मॅडम, हा बाण कसा पाहाचा, मले सांगा," म्हणाले.

नकाशावर खापा गावाच्या पुढं, कन्हान नदीच्या काठावर एक खूण होती. खाली मुलानं लिहिलं होतं, की इथं जुन्या काळी लोक नदीची वाळू धुवून सोन्याचे कण काढायचे, त्यांचे खड्डे काठाकाठानं अजून दिसतात. ते पाहत चालत या, सोनं संपलं, पण डबा आहे. पुढं जागा सांगितली होती: मोठ्या अर्जुनाच्या झाडाच्या मुळात, पाण्याच्या बाजूनं. आणि शेवटी, 'घेतलं तं ठेवा लागते.'

"माह्यासारखंच लिवलं," बडे बाबू म्हणाले. "तं. तर नाही लिवलं." आणि भर ऑफिसात ते रडले. मी म्हटलं, रविवारी माझ्या गाडीतून जाऊ. माझे रविवार तसेही कपड्यांच्या घड्या करण्यात जात होते.

वाट सुंदर होती, हे सांगितलंच पाहिजे, कारण त्या पोरानं ती बापासाठी निवडली होती. जुन्या घाटापासून निघायचं, डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला पळसाची झुडपं, मधून मधून ते सोनं धुणाऱ्यांचे खड्डे. आता त्यांत गवत होतं आणि एखाद्यात म्हैस. सपाट वाट, म्हाताऱ्याला झेपेल अशी. वाटेच्या तोंडाशी एका बाईची चहाची टपरी होती. टीनाचं छप्पर, पुढं पोतं लोंबत असलेलं टेबल, मागं दोन शेळ्या. तिथं चहा प्यायचा आणि निघायचं.

पहिल्या रविवारी आम्हाला वाटलं, गेलो की सापडेल. मोठा अर्जुन सापडलाच. पांढऱ्या सालीचं, काठावरून पाण्याकडं झुकलेलं झाड. मुळांत हात जाईल एवढी ढोली होती. बडे बाबूंनी अंगावरचा शर्ट सारखा केला, हात घातला आणि मूठभर पालापाचोळा बाहेर काढला. आत काहीच नव्हतं.

"बाण मागंपुढं होते म्हणतात," ते म्हणाले. "दुसरं झाड असंल." माझ्या फोनमध्येही त्यांनी तो खेळ घालून घेतला, दोन बाण ताडून पाहायला. दोन्ही बाण त्याच झाडाशी येऊन थांबत. तरी आम्ही काठावरचं एकेक झाड, एकेक कपार पाहायला लागलो. एक रविवार झाला, दुसरा झाला, मग मोजणं सोडलं.

"काय शोधून राहिले जी बाबा?" टपरीवाल्या बाईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"जडीबुटी," बडे बाबू म्हणाले.

वाटेला लागल्यावर मी त्यांना झापलं. "अहो, तिला सांगा की खरं काय ते. रोज इथं बसणारी बाई आहे, तिला इथलं मूळ न मूळ माहीत असेल."

"नियम आहे, मॅडम. खेळाबाहेरच्या माणसाले डब्याचं सांगाचं नसते. लोक उचलून नेतात."

"डबा सापडत नाही आणि नियम कसले पाळता?"

"पोरानं पाळले," ते म्हणाले. "मी तोडू?"

शोधलेली जागा पुन्हा शोधली जाऊ नये म्हणून ते तिथल्या दगडाला खूण करायचे. आधी चुना लावला, तो धुऊन गेला. मग त्यांनी घरच्या मारुतीचा शेंदूर तेलात कालवून आणला. मी म्हटलं, "बडे बाबू, दगडाला शेंदूर लागला की आपल्या लोकांना राहवत नाही." त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या रविवारी जाऊन पाहतो तर एका दगडापुढं जास्वंदीचं फूल, अर्धा नारळ आणि विझलेली उदबत्ती. बडे बाबूंनी चपला काढल्या आणि हात जोडले.

"अहो, तुम्हीच लावलाय तो शेंदूर!"

"मी शेंदूर लावला. नारळ तं दुसऱ्यानं ठेवला ना," ते म्हणाले आणि हसले. मुलगा गेल्यानंतर ते हसले ते तेवढंच. मी इतकी हसले की मला त्या देवापुढंच बसावं लागलं.

पण ही गोष्ट हसण्यावारी जायची नव्हती. खाप्यात किराणा दुकानदारानं मला विचारलं, "काय जी, लागलं का सोनं?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नागपूरचा एक म्हातारा दर आठवड्याला येतो, फोन हातात धरून चालतो, दगडांना शेंदूर लावतो, विचारलं तर जडीबुटी म्हणतो. सोनं धुणाऱ्यांचा जुना काठ. कोणीही दोन अधिक दोन चार करणारच. गुप्तधनाचं नाव निघालं की आपल्याकडं शहाणी माणसंही रात्रीतून पहारी काढतात.

आधी शेंदराच्या दगडांखाली खड्डे दिसू लागले. बडे बाबू शांत होते. "खोदू द्या. तिथं नाही आहे, मीच पाह्यलं ना." मग कोणा हुशार माणसानं हिशेब मांडला असणार, की म्हाताऱ्यानं चारी बाजूंना खुणा केल्या म्हणजे धन मधोमध आहे. मधोमध तो मोठा अर्जुन होता. एका रविवारी आम्ही गेलो तर त्याची मुळं उघडी पडली होती. काही तोडली होती. खाली माणूस उभा राहील एवढा खड्डा.

बडे बाबू त्या खड्ड्यात उतरले आणि दोन्ही हातांनी माती आत लोटू लागले. म्हातारा माणूस, चांगली पँट, चष्मा घामानं घसरतोय. मी वरून ओरडत होते, वर या, कंबर जाईल, वर या. त्यांना ऐकू येत नव्हतं. कोण खोदतं ते आम्हाला कधीच दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी त्यांना काय सांगणार? सोनं नाही, डबा आहे? तर त्यांनी अख्खा काठच उलथवला असता.

आपण तिथं जाणंच बंद करू, असं मी सुचवून पाहिलं. आपण गेलो नाही तर लोकांचाही नाद सुटेल. ते माझ्याकडं असे बघत राहिले की पुढच्या रविवारीही मी गाडी काढली. शोधायला जावं तर काठ उकरला जातो आणि न जावं तर डबा तिथंच राहतो. माणसाला देव असा कोंडीत का पकडतो, मला आजही कळत नाही.

त्या वर्षी कन्हान भरून वाहिली. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा अर्जुन नव्हता. उकरलेला काठ खचून झाड नदीत आडवं पडलं होतं, मुळं आभाळाकडं. बडे बाबूंच्या फोनमधला बाण नेहमीच्या इमानदारीनं चालला आणि मोकळ्या हवेत जाऊन थांबला. खाली गढूळ पाणी होतं.

ते चिखलातच बसले. "त्या येळी मी आलो असतो तं, मॅडम," म्हणाले, "तो माह्या मागं मागं आला असता. मले मालूम आहे. झाडामागून लपून पाह्यलं असतं त्यानं, बाबाले सापडते का म्हणून. मी काहून नाही आलो?" मग तोच प्रश्न पुन्हा, आणि पुन्हा. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. मला त्यांच्यासाठी त्या पोराचा राग आला, नदीचा आला, खोदणाऱ्यांचा तर आलाच.

त्यांना चालवेना. कसंबसं टपरीपर्यंत आणलं, बाकावर बसवलं आणि गाडी लांब रस्त्यावर होती ती जवळ आणायला मी गेले. चिखलात चाक रुतलं, वेळ लागला. परत आले तर ते उठून उभे होते. डोळे लाल, पण चेहरा शांत. उजवा हात पँटच्या खिशात.

"चला मॅडम. आता पुन्हा याचं नाही इथं."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. पण खाप्याच्या बाजारात त्यांनी गाडी थांबवायला लावली, किराणा दुकानातून साखर घेतली आणि म्हणाले, परत घाटावर घ्या. मी वैतागले. अंधारून आलं होतं, आभाळ पुन्हा भरलं होतं. "त्या बाईचा चहा लय पेलो," एवढंच म्हणाले. मला गाडीत बसवून ठेवून एकटेच साखर घेऊन गेले आणि लगेच परत आले.

हिवाळ्यात बडे बाबू गेले. दुपारी झोपले आणि उठलेच नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा वहिनींनी, त्यांच्या बायकोनं, मला आतल्या खोलीत नेलं आणि उशीखालून एक वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. पितळेचा मोर. एक डोळा सपाट.

"याच्यासाठीच जात होते ना ते?" त्या म्हणाल्या. "मंग सापडला तं मले काहून नाही सांगतलं? मी इचारलं, तं म्हणे, नाही सापडला. अन् हा उशीखाली. सुपारी नाही खाल्ली एक दिवस, नुसता हातात धरून झोपत."

पुढच्या रविवारी मी एकटीच घाटावर गेले. टपरीवाल्या बाईनं मला ओळखलं, बाबा कुठं म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिनं पदर डोळ्यांना लावला. मग मी अडकित्त्याचं विचारलं.

"तो होय," ती म्हणाली. "त्या दिशी तुमी गाडी आणाले गेल्या. बाबा इथं बसून रडून राहिले होते. मले काही सुचे ना. म्हटलं, सुपारीचं खांड तं देऊ. चंची काढली अन् कातरू लागली. तं त्यायनं माहा हातच धरला. म्हणे, बाई, हे कुठचं?"

"कुठचं होतं?"

"काड्या वेचाले गेली होती, तं मोठ्या झाडाच्या बुडाशी एक डब्बा होता. चांगला, घट्ट झाकणाचा. त्याच्यात हा मोर, एक भोवरा, अन् कागद. बाबा इकडं याले लागले त्याच्या लय आधी. चांगला डब्बा कोणी टाकून देते काय, बाई? आणला. साखर ठेवली, मुंगी नाही लागत त्याच्यात. भोवरा नातीनं फोडला." तिनं पोतं बाजूला करून टेबलाखालून डबा काढला. निळ्या झाकणाचा, चारी बाजूंनी खटका असलेला. "बाबाले हाच दाखवला. मी म्हटलं, तुमचा असंल तं न्या. म्हणे, नाही, मोर तेवढा माह्यावाला आहे, तो नेतो, डब्बा राहू द्या. मंग साखर आणून काठोकाठ भरून देली. कायले म्हटलं, तं काही बोलले नाही. झाकण दाबून पाह्यलं फकस्त."

दर रविवारी आम्ही त्याच डब्यातल्या साखरेचा चहा पिऊन तो डबा शोधायला निघत होतो. पहिल्याच दिवशी 'डबा' हा एक शब्द त्यांनी उच्चारला असता तर तिनं तो पोत्यामागून काढून हातात दिला असता. झाड उभं राहिलं असतं.

"आणि कागद?" मी विचारलं.

"तो चुलीत लावला, बाई. लाकडं ओली होती. काही लिवलं होतं त्याच्यावर, पण मले कुठी वाचता येते." तिचा हात डब्यावर थांबला. "बाबायनं बी हेच इचारलं होतं. कामाचा होता काय वं बाई तो कागद?"

तेव्हा मला समजलं, ते घरी का बोलले नाहीत. वहिनींनी पहिला प्रश्न हाच विचारला असता, पोरानं कागदावर काय लिहिलं होतं. आणि इथं या बाईला ते काय सांगणार होते?

"त्यांनी काय सांगितलं तुम्हाला?"

"म्हणे, नाही, साधा कागद होता."

"साधाच होता," मी म्हटलं.

तिनं चहा टाकला. डब्यातून साखर घेतली, झाकणाचे चारही खटके एकेक करून लावले आणि डबा परत आत सरकवला. मी चहा घेतला. फार गोड होता. मी तो सगळा प्यायले.

गाडीत बसल्यावर मी कितीतरी दिवसांनी फोनमधला तो खेळ उघडला. नकाशावर खूण अजून होती, आता नदीच्या पाण्यात. तिच्याखाली बडे बाबूंनी नोंद केली होती. डबा सापडला की तशी करावी लागते, नियम आहे.

'सापडला. अडकित्ता घेतला. साखर ठेवली.'